सहकारी गेल्यानंतर: आठवण जपण्याची कामं, ती करणाऱ्यांकडून

रोज आठ-नऊ तास शेजारी बसणारं माणूस जातं, तेव्हा घरी काय करायचं हे सांगणारी चार माणसं असतात. कामाच्या जागी कुणालाच काही ठाऊक नसतं, आणि पहिल्या आठवड्यात नकळत जे पुसलं जातं ते पुन्हा मिळत नाही. म्हणून ज्यांनी ही कामं हाताळली आहेत त्यांनी लिहावं, अशी विनंती. आपली हकीकत बाजूला ठेवून काय करायचं, कोणत्या क्रमाने, किती आणि कुठे चुकतं, तेवढंच लिहा.

मनुष्यबळ विभागातून

बातमी कळली की ऑफिसातल्या एकाच व्यक्तीने घरच्या एकाच व्यक्तीशी बोलायचं. प्रश्न चार: बातमी इतरांना सांगू का, कारण सांगायचं का, भेटायला आलेलं चालेल का, पुढे फोन कुणाला करायचा. उत्तरं तिथल्या तिथे लिहून ठेवा, म्हणजे त्या माणसांना तेच पुन्हा सांगावं लागत नाही.

त्यानंतर सगळ्यात जवळचे तीन-चार सहकारी. त्यांना समोर बसवून किंवा फोनवर, एकाच तासाच्या आत सांगा. मग पूर्ण टीम, आणि सगळ्यांना मेल अगदी शेवटी. हा क्रम उलटला की दहा वर्षं एकत्र डबा खाल्लेल्या माणसाला बातमी ग्रुपवरच्या हात जोडलेल्या चित्रातून कळते. हमखास राहून जाणारे लोक म्हणजे रजेवर असलेले, रात्रपाळीचे, फिरतीवरचे, सफाई आणि सुरक्षा कर्मचारी, आणि नोकरी सोडून गेलेले जुने सहकारी. यादी करताना हजेरीपट घेऊन बसा, आठवणीवर विसंबू नका.

मेलच्या विषयात नाव आणि 'निधन' हे दोन शब्द असू द्या. 'आपल्यातून निघून गेले' हे घाईत वाचणाऱ्याला राजीनाम्यासारखं वाटतं, आणि मग कुणीतरी 'पुढील वाटचालीस शुभेच्छा' असं उत्तर पाठवून बसतं. मजकूर सहा-सात ओळींचा पुरे: कधी, किती वर्षं सोबत होते, कोणतं काम करत होते, भेटीबद्दल घरच्यांची इच्छा, आणि कामासाठी आता कुणाशी बोलायचं. मृत्यूचं कारण घरच्यांनी सांगा म्हटलं तरच लिहायचं. आत्महत्या असेल तर पद्धत, जागा, चिठ्ठी यातलं काहीही लिहू नका आणि कुणी खोदून विचारलं तरी बोलू नका. घरच्यांचा नंबर मेलमध्ये टाकू नका.

संगणक व्यवस्था सांभाळणारा

आमच्याकडे ही बातमी बहुतेक वेळा 'अमुक खातं बंद करा' अशा एका ओळीच्या विनंतीतून येते. खातं लगेच डिलीट करू नका. पासवर्ड बदला, लॉगिन बंद करा, चालू सत्रं तोडा, आणि खातं तसंच राहू द्या. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये डिलीट केलेलं खातं ३० दिवसांपर्यंत परत आणता येतं, नंतर नाही. तिथे मेलबॉक्सचं शेअर्ड मेलबॉक्समध्ये, म्हणजे अनेकांना उघडता येणाऱ्या सामाईक पेटीत, रूपांतर केलं तर ५० जीबीपर्यंत वेगळं लायसन्स लागत नाही. हे रूपांतर आधी, लायसन्स काढणं नंतर.

मेलला आपोआप जाणारं उत्तर त्याच दिवशी बदला. 'मी सुट्टीवर आहे' हे जुनं उत्तर चालू राहिलं तर फार वाईट वाटतं. मजकूर साधा ठेवा: 'श्री. अमुक यांचे निधन झाले आहे. या कामासाठी कृपया तमुक यांच्याशी संपर्क साधावा.' तीन महिने तरी राहू द्या.

आता ज्याकडे कुणाचं लक्ष जात नाही ते. त्या व्यक्तीच्या नावाने आपोआप जाणारे रिपोर्ट शोधा. सकाळी सहाला ठरल्याप्रमाणे सुटणारा विक्रीचा तक्ता त्यांच्या नावाने सगळ्यांच्या इनबॉक्समध्ये येतो, आणि बातमीनंतरच्या पहिल्या सकाळी तो उघडणाऱ्याचा हात थांबतो. शेड्युल केलेली कामं, स्क्रिप्ट, मेल फॉरवर्ड करण्याचे नियम, सगळं तपासा. त्यांनी ठरवलेल्या आवर्ती मीटिंग खातं बंद करण्याआधी रद्द करा. नाहीतर त्या सगळ्यांच्या कॅलेंडरवर बेवारस राहतात आणि दर सोमवारी त्यांच्या नावाने आठवण वाजते. वाढदिवसाची यादी आणि 'आज यांना कंपनीत बारा वर्षं पूर्ण' असा संदेश पाठवणारी यंत्रणा, दोन्हीकडे नाव पाहा.

व्हॉइसमेलवरचं स्वागत त्यांच्या आवाजात असतं. नंबर दुसऱ्याला देण्याआधी ते वेगळ्या फाइलमध्ये काढून ठेवा. फार तर पंधरा सेकंदांचा आवाज असेल, पण कुणाकुणाच्या घरी तेवढाच उरतो. मेलबॉक्स मात्र उत्सुकतेपोटी वाचायचा नाही. कामाचं शोधायचं असेल तर दोघांनी बसून, विषय ठरवून शोधायचं.

टेबल आणि खण आवरणाऱ्या प्रशासन विभागातून

पहिला आठवडा टेबलाला हात लावू नका. कागदपत्रं उघडी असतील तर खणाला कुलूप आणि खाऊ नासणार असेल तर तेवढा काढा, बस. रिकामी खुर्चीही लगेच हलवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वच्छ पुसलेलं रिकामं टेबल दिसलं की लोकांना तो अपमान वाटतो, आणि ते बरोबरच आहे.

आवरायला दोघं हवेत, एक त्यांच्या जवळचा आणि एक बाहेरचा. हात लावण्याआधी फोटो घ्या: टेबल वरून, प्रत्येक खण उघडून, मॉनिटरच्या कडेच्या चिठ्ठ्या जवळून. चिकट चिठ्ठ्यांचा गोंद महिन्याभरात सुटतो आणि त्या कपाटामागे पडतात. थर्मल कागदावरच्या पावत्या उजेडात आणि उष्णतेत कोऱ्या होतात, त्यांची झेरॉक्स काढा.

तीन ढीग करा: घरचं, ऑफिसचं, आणि 'ठरवता येत नाही'. तिसरा ढीग मुद्दाम ठेवा. त्यात डायऱ्या येतात, ज्यांत अर्धं पान ग्राहकाचे आकडे आणि अर्धं पान मुलीच्या शाळेचं वेळापत्रक असतं. अशी डायरी फाडून वाटून घेऊ नका. कामाच्या पानांची प्रत ऑफिसात, मूळ वही घरी. गोपनीय मजकूर असेल तर तो झाकून प्रत द्या आणि कारण सांगा.

खोकी दोन मध्यम आकाराची घ्या, एक भलंमोठं नको. घरी नेणारी व्यक्ती एकटी असू शकते. काचेच्या वस्तू कागदात, फोटो फ्रेम उभ्या, सगळ्यात वर लहान ओळखीची वस्तू: चष्म्याची केस, कप. कप धुऊ नये असं कधी घरचे सांगतात, म्हणून आधी विचारा. वस्तूंच्या यादीच्या दोन प्रती करा आणि दोघांच्या सह्या घ्या. कुरिअरने पाठवू नका, नेऊन द्या. ओळखपत्र नियमाने परत घ्यावं लागत असेल तर त्यातली चिप बंद करून कार्ड घरच्यांना देता येतं का ते विचारा. बहुतेक ठिकाणी जमतं, फक्त कुणी विचारत नाही.

आठवणींची वही बांधणारा

वही फिरवली की पहिला लिहितो 'अतिशय मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व', आणि मागचे चाळीस तेच लिहितात. म्हणून कोरं पान देऊ नका, प्रश्न द्या. फोन उचलल्यावर पहिला शब्द कोणता असायचा? कोणत्या गोष्टीवर चिडायचे? काम शिकवताना कोणतं वाक्य पुन्हा पुन्हा यायचं? त्यांच्यामुळे तुम्ही आजही कोणतं काम एका ठराविक पद्धतीने करता? एका माणसाला दोनच प्रश्न, एक पान, दहा दिवसांची मुदत. घरच्यांना माहीत असतो तो घरातला माणूस, ऑफिसातला माणूस त्यांना या पानांवर पहिल्यांदा भेटतो. त्यामुळे बारकावे जितके जास्त तितकं बरं.

कागद आम्लविरहित (म्हणजे पिवळा पडत नाही), जाडी १०० ते १२० जीएसएम, ए-४. सुटी पानं द्या, बांधणी नंतर. बांधलेल्या वहीत एकाने खाडाखोड केली तर पान फाडता येत नाही. डावीकडे ३० मिमी समास सोडायला प्रत्येक पानावर पेन्सिलीची फिकट रेघ मारूनच द्या, कारण सांगून कुणी सोडत नाही आणि मग शिवणीत अक्षरं जातात. कागदाची तंतुरेषा, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, वहीच्या कण्याला (शिवणीच्या कडेला) समांतर हवी: कागद आडवा आणि उभा हलका वाकवून पाहा, सहज वाकतो तेव्हा घडीची रेघ ज्या दिशेने पडते ती तंतुरेषा. आडवी आली तर वही नीट मिटत नाही.

सगळ्यांना एकाच प्रकारचं पिगमेंट (रंगकणांच्या) शाईचं पेन द्या. साध्या डाय (विरघळलेल्या रंगाच्या) शाया आणि स्केचपेन उजेडात उडतात. फोटो चिकटवायला सेलोटेप अजिबात नको, काही वर्षांत पिवळी पडून फोटोवर डाग सोडते. कागदी फोटो-कोपरे वापरा. प्लॅस्टिकचे खिसे पॉलिप्रॉपिलीनचे घ्या, पीव्हीसीचे नकोत. चिकट पानांचे जुने अल्बम तर टाळाच, फोटो त्यातून सुटत नाहीत.

फोनवरून फोटो मागवताना 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असं स्पष्ट लिहा. चॅटमधून साधा पाठवलेला फोटो दाबून लहान होतो. १० बाय १५ सेंटिमीटरच्या चांगल्या छपाईला साधारण १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात. वही देण्याआधी सगळी पानं स्कॅन करा, मूळ घरी जाऊ द्या, ऑफिसात प्रत.

ध्वनिमुद्रक

वरच्या प्रश्नांत भर: काही जणांना लिहिता येत नाही किंवा लिहायचं नसतं, ते बोलतात छान. फोन चालेल. तोंडापासून २० ते २५ सेंटिमीटर, समोर नाही, थोडा बाजूला. पंखा बंद, पडदे लावलेली लहान खोली, फोन विमान मोडवर. अ‍ॅप देत असेल तर डब्ल्यूएव्ही (न दाबलेली ध्वनी-फाइल), ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो (एकच वाहिनी). तासाला सुमारे ५०० एमबी जागा लागते. सुरुवातीला नाव, तारीख आणि खोलीची अर्धा मिनिट शांतता मुद्रित करा, नंतर जोडकाम करताना तीच लागते.

पंधरा मिनिटांच्या पुढे नेऊ नका. माणूस रडला तर यंत्र लगेच बंद करू नका, दहा सेकंद थांबा आणि मग विचारा. पुष्कळदा खरी गोष्ट त्यानंतर येते. ती इतरांना ऐकवायची की नाही हे मात्र बोलणाऱ्याने ठरवायचं, आणि तेही दुसऱ्या दिवशी. फाइलच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक इमारतीबाहेर.

शोकसभा आखून देणारी

चाळीस मिनिटं, पाच वक्ते, प्रत्येकी तीन मिनिटं. तीन मिनिटं म्हणजे लिहून सुमारे ३५० शब्द. आधी लिहायला लावा आणि कागद हातात असू द्या, कारण उभं राहिल्यावर आवाज जातो. राखीव वाचक ठरवा, वक्त्याला बोलवेनासं झालं तर तो कागद घेऊन पुढचं वाचतो. सगळ्यात वरिष्ठ अधिकाऱ्याला पहिला ठेवा आणि वेळ सांगा. शेवटी ठेवलं तर सभा कंपनीच्या वाटचालीवर जाऊन संपते. शेवटचा वक्ता रोज सोबत काम करणारा असावा.

घरच्यांना अचानक 'दोन शब्द बोला' म्हणणं ही सगळ्यात मोठी चूक. आधी विचारा, नाही म्हणाले तर पुन्हा विचारू नका. त्यांची जागा कडेला ठेवा, दाराजवळ, म्हणजे उठून जाता येतं. मौन एक मिनिट जाहीर केलं तर घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. बहुतेक ठिकाणी वीस सेकंदांत 'धन्यवाद' येतं. मोठा फोटो ए-३ आकाराचा पुरे, आणि तो कामाच्या जागेवरचा हसरा असावा, पासपोर्टचा ताणून मोठा केलेला नको.

वर्गणी गोळा करणारा

थोडक्यात. एकच माणूस, एकच खातं, शेवटची तारीख. नावांची यादी घरच्यांना द्या, रकमांची देऊ नका. कुणी दिली नाही हे यादीवरून कळू नये म्हणून 'सर्व सहकारी' असंही चालतं.

सॉफ्टवेअर आणि संशोधनात काम करणारी

नाव देण्याबद्दल. आमच्या क्षेत्रात याच्या चांगल्या रीती आहेत. डेबियन या मुक्त संगणक प्रणालीची ९ वी आवृत्ती २०१७ मध्ये संस्थापक इयन मर्डॉक यांना अर्पण झाली. व्हिम या मजकूर-संपादकाची ९.१ आवृत्ती जानेवारी २०२४ मध्ये त्याचे निर्माते ब्राम मूलेनार यांना अर्पण झाली. त्यांचं निधन ऑगस्ट २०२३ मधलं. नासाची क्युरिऑसिटी ही फिरती गाडी (रोव्हर) मंगळावर उतरल्यानंतर काही दिवसांतच तिचे अभियंते जेकब मॅटिजेव्हिक गेले, आणि रोव्हरच्या हाताने तपासलेल्या पहिल्या खडकांपैकी एकाला सहकाऱ्यांनी त्यांचं नाव दिलं: 'जेक मॅटिजेव्हिक'. हे मला फार योग्य वाटतं. ज्या कामात त्यांचे हात होते त्याच कामात नाव.

याउलट सर्व्हरला किंवा मीटिंगच्या खोलीला नाव देताना विचार करा. सर्व्हर चार-पाच वर्षांत मोडीत निघतो आणि दुरुस्तीच्या तिकिटावर 'अमुक बंद पडला, काढून टाका' असं त्यांच्या नावाने लिहिलं जातं. खोली तर 'अमुक रिकामी आहे का?' अशी रोज विचारली जाते. प्रशिक्षणाचा वर्ग, चाचण्यांचा संच, नवख्यांसाठीची मार्गदर्शिका यांना दिलेलं नाव टिकतं.

शोधनिबंध छापायचा राहिला असेल तर लेखकांच्या यादीतून नाव काढू नका. नावापुढे कट्यारीची खूण (†) आणि तळटीपेत 'निधन' व तारीख अशी पद्धत आहे. निबंधाबद्दल पत्रव्यवहार करणारे लेखक तेच असतील तर फक्त ती जबाबदारी दुसऱ्याकडे द्या.

फलक करणार असाल तर नावांची यादी दोनदा तपासा. अपोलो १५ च्या चमूने १९७१ मध्ये चंद्रावर साडेआठ सेंटिमीटरची छोटी ॲल्युमिनियमची मूर्ती आणि दिवंगत अंतराळवीरांच्या १४ नावांचा फलक ठेवला. सोव्हिएत गुप्ततेमुळे दोन नावं त्यात आलीच नाहीत, आणि तिथे जाऊन दुरुस्ती कोण करणार? नावाचं लेखन घरच्यांकडून लिहून घ्या, पगारपत्रकावरून नको.

कारखान्याच्या देखभाल विभागातून

सगळ्यांनी कागद आणि मेलबद्दल लिहिलंय, आमच्याकडे आठवण यंत्रावर असते. पॅनेलवर त्यांच्या अक्षरात चिकटवलेली पट्टी: 'आधी पंप, मग हीटर. दोन मिनिटं थांबा.' अशा पट्ट्या आवरासावर करताना छापील लेबलं लावून काढल्या जातात. सूचना अजून बरोबर असेल तर तिथेच ठेवा. फोटो काढा, पट्टी कोरड्या फडक्याने पुसा, वर पारदर्शक पॉलिएस्टरची पट्टी चारही बाजूंनी एक सेंटिमीटर मोठी कापून लावा. आधी आडबाजूच्या कोपऱ्यात तपासा, काही मार्करची शाई गोंदाने पसरते.

यंत्र बदललं आणि सूचना चुकीची झाली तर मात्र पट्टी राहू देऊ नका, कुणाला तरी इजा होईल. काढताना हेअर ड्रायर मंद आचेवर, १५ सेंटिमीटरवरून अर्धं मिनिट फिरवा, मग दात साफ करायचा दोरा मागून करवतीसारखा सरकवा. नखाने उचकटलं की कागद दोन पदरांत फाटतो. निघालेली पट्टी सिलिकॉन लावलेल्या (न चिकटणाऱ्या) कागदावर ठेवा, मागे पेन्सिलीने यंत्राचा क्रमांक आणि काढल्याची तारीख लिहा, आणि वहीत जागा असेल तर तिथे द्या.