गंजाने रंगवलेले कापड कुजू नये म्हणून काय करावे?

कुळागरवाली, फोंडा

नमस्कार मंडळी,

आमच्या मागल्या पडवीत घरदुरुस्तीतून निघालेल्या बिजागऱ्या, मोठे खिळे आणि विहिरीच्या रहाटाची जुनी साखळी असा ढीग बरीच वर्षे पडून होता. गेल्या जूनमध्ये पहिल्या पावसाच्या धांदलीत मी त्यावर जुन्या सुती धोतराचा तुकडा झाकण म्हणून टाकला आणि विसरून गेले. चवथीच्या साफसफाईत तो उचलला, तेव्हा साखळीची कडी न् कडी कापडावर उमटली होती. कडीची रेघ काळपट तपकिरी, तिच्या बाहेर नारिंगी आणि आतल्या पोकळीत सायीसारखी फिकट पिवळी छटा. तीनदा साबणाने धुऊनही रंग हलला नाही. ज्या डागांवरून लहानपणी आईची बोलणी खाल्ली, तेच डाग इतके देखणे असतात हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळले.

त्यानंतर मी मुद्दाम अकरा ओढण्या रंगवल्या. मलमल व्हिनेगरमध्ये भिजवली, तिच्यात खिळे व वॉशर गुंडाळले, रंग लवकर यावा म्हणून वरून मीठ भुरभुरले आणि सगळे प्लास्टिकच्या पिशवीत आठ-आठ दिवस बांधून ठेवले. नंतर साध्या पाण्यातून काढून वाळवले. ओढण्या विकल्याही गेल्या. मात्र चार महिन्यांनी एका ओळखीच्या बाईंनी त्यांची ओढणी परत आणून दाखवली. खिळ्यांची डोकी जिथे टेकली होती नेमक्या त्याच जागी वाटाण्याएवढी भोके पडली आहेत, आणि भोकाच्या कडेचा धागा चिमटीत धरला की पापडासारखा मोडतो.

हे गंजामुळे झाले की माझ्या पद्धतीमुळे? शिवाय नेहमीच्या नारिंगी रंगाखेरीज काळी किंवा राखाडी छटा काढता येते का, हेही जाणकारांनी सांगावे.

ठसेवाला, म्हापसा

ताई, तुमच्या वर्णनातच उत्तर आहे. आठ दिवस फार झाले. पावसाळ्यात आपल्या हवेत भिजलेल्या कापडावर चार-पाच तासांत रंग धरू लागतो आणि रात्रभरात पुरेसा गडद होतो. मी २४ तासांच्या पुढे कधीच जात नाही. गडद रंग हवाच असेल तर कापड सोडवून, धुऊन, वाळवून दुसऱ्यांदा बांधावे, पण एकाच बैठकीत सगळा रंग काढण्याचा हव्यास करू नये.

माझी पद्धत अशी आहे. नव्या कापडाची खळ आधी धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात काढून टाकतो, कारण खळ राहिली तर गंज वरच्या वरच बसतो आणि ठशाच्या कडा फाटल्यासारख्या दिसतात. अर्धे पाणी व अर्धे व्हिनेगर यांत कापड बुडवून पिळून घेतो. माडाचे व्हिनेगर चांगले चालते, फक्त ते गाळून घ्यावे, नाहीतर त्यातला गाळ कापडावर ढग काढतो. लोखंड आणि कापड घट्ट चिकटलेले असले की रेघ स्वच्छ येते, म्हणून वर चिऱ्याचा तुकडा ठेवतो. ठसा हवा तेवढा उमटला की लगेच कापड सोडवून भरपूर पाण्यात खळबळवायचे आणि बादलीभर पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा घालून त्यात तासभर ठेवायचे. ही सोड्याची पायरी तुम्ही गाळलीत, आणि माझ्या मते भोके तिथूनच सुरू झाली. शेवटी साबणाने धुऊन सावलीत वाळवावे.

स्टेनलेस स्टीलवर वेळ घालवू नका. जस्ताचा मुलामा दिलेले नवे खिळेही दाद देत नाहीत. भंगारातले जुने, मुलामा उडालेले लोखंडच हवे.

निवृत्त मास्तर, मडगाव

वरील उत्तर व्यवहारात बरोबर आहे, पण त्यातला एक समज दुरुस्त करावासा वाटतो. सोड्याने आम्ल संपते. लोह संपत नाही.

प्रक्रिया अशी समजून घ्या. व्हिनेगरमधील ॲसिटिक आम्ल लोखंडाला विरघळवते आणि फेरस ॲसिटेट तयार होते. ते पाण्यात विरघळणारे असल्यामुळे धाग्याच्या आतपर्यंत शिरते आणि तिथे हवेतील प्राणवायूशी संयोग पावून लोहाच्या पाणीदार ऑक्साइडमध्ये, म्हणजे गंजात, बदलते. गंज पाण्यात विरघळत नाही. थोडक्यात, रंग धाग्याच्या आत जन्मतो, बाहेरून चिकटवला जात नाही, म्हणून तो साबणालाही दाद देत नाही आणि उन्हातही सहसा उडत नाही.

कापड मात्र दोन वाटांनी कमजोर होते. कापसाचा धागा म्हणजे सेल्युलोजच्या लांबच लांब साखळ्या, आणि आम्ल त्या साखळ्या तोडते. तुमच्या ओढण्या आठ दिवस आम्लात राहिल्या आणि वाळतानाही आम्ल आतच होते, ही पहिली वाट. दुसरी वाट अधिक संथ आणि अधिक चिवट आहे. लोहाचे आयन सेल्युलोजच्या ऑक्सिडीकरणाला चालना देतात. लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या ज्या अभिक्रियेची नोंद रसायनशास्त्रज्ञ फेंटन यांनी १८९४ मध्ये केली, तीच जात इथे सूक्ष्म प्रमाणात काम करते. जिथे लोह जास्त साचते, म्हणजे खिळ्याच्या डोक्याखाली, तिथेच ही झीज सर्वाधिक होणार हे ओघानेच आले. मिठाने गंज झपाट्याने चढतो हे खरे, पण मीठ हवेतला ओलावा ओढून घेते आणि कापड आतून दमट ठेवते. आपल्या दमट किनारी हवेत ते भुरभुरण्याची मुळीच गरज नाही.

म्हणून माझा सल्ला असा आहे की मलमल सोडून जाड सुती कापड घ्यावे, लोखंड मोजके ठेवावे, ठसा हलका काढावा, आणि विकताना ग्राहकाला या कापडावर क्लोरीनचे ब्लीच कदापि वापरू नका असे स्पष्ट सांगावे. ब्लीचने गंज निघत नाही, उलट लोहाच्या सान्निध्यात कापड आणखी वेगाने खराब होते. आजीची पैठणी किंवा दुसरी कोणतीही जतन करायची वस्तू या प्रयोगासाठी घेऊ नये.

चिरेखाण, डिचोली

एक बाळबोध शंका. आमच्याकडे खाणींच्या काळात रस्त्यावरची लाल धूळ कपड्यांवर इतकी बसे की पांढरा शर्ट दुपारपर्यंत गुलाबी होई. तीही लोहाचीच माती ना? मग खिळ्यांऐवजी ती वापरता येणार नाही का? आणि गंजलेल्या खिळ्याने धनुर्वात होतो म्हणतात, त्याचे काय?

निवृत्त मास्तर, मडगाव

माती लोहाचीच आहे, पण तिच्यातले लोह आधीच गंजून बसलेले आहे. ते व्हिनेगरमध्ये सहजी विरघळत नाही, त्यामुळे धाग्याच्या आत शिरत नाही आणि बरेचसे धुण्यात निघून जाते. ती रंगद्रव्य म्हणून वापरता येते. त्यासाठी बारीक वस्त्रगाळ माती सोयाबीनच्या दुधात कालवून कापडावर लावावी आणि काही आठवडे मुरू द्यावी, म्हणजे दुधातील प्रथिने तिला धरून ठेवतात. ती वेगळी कला झाली.

धनुर्वात गंजाने होत नाही, मातीतील जिवाणू जखमेत खोल गेल्याने होतो. जुना खिळा मातीत पडलेला असतो एवढाच त्याचा दोष. हातमोजे घालावेत, धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली असावी, आणि कोरडा गंज खरवडताना नाकातोंडावर कापड बांधावे.

ठसेवाला, म्हापसा

काळ्या रंगाचे राहिले. राजस्थानातील बगरूचे छिपे ज्याला स्याही म्हणतात, ती लोखंडी भंगार आणि गूळ पाण्यात दोनेक आठवडे आंबवून करतात, चिंचोक्याच्या पिठाने दाट करतात आणि हिरड्याच्या पाण्यातून काढलेल्या कापडावर ठशाने छापतात. काळेपणा हिरड्यातील टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, आणि लोह यांच्या संयोगाने येतो. तुमचे तर कुळागरच, म्हणजे सुपारीची बाग, आहे. कोवळ्या सुपाऱ्या उकळल्यावर जे लाल पाणी राहते, त्यात टॅनिन भरपूर असते. त्यात कापड आधी बुडवून वाळवा आणि मग खिळे बांधा, नारिंगीऐवजी राखाडी ते काळसर ठसा मिळेल. डाळिंबाच्या सालीनेही होतो, पण त्यात हिरवट झाक येते.

मात्र मास्तरांचा इशारा काळ्यालाही लागू आहे. १७व्या आणि १८व्या शतकांत कोरोमंडल किनाऱ्यावरून युरोपात गेलेल्या, पोर्तुगीज ज्यांना पिंतादो म्हणत अशा चित्रित कापडांत, तुरटीने पक्का केलेला लाल रंग आजही शाबूत दिसतो. पण लोहाच्या काळ्या रेघांच्या जागी अनेकदा कापडच झडून गेलेले असते.

कुळागरवाली, फोंडा

सर्वांचे आभार. गेल्या पंधरवड्यात जाड मांजरपाटावर पुन्हा करून पाहिले. मीठ नाही, १४ तास, मग सोडा. साखळी स्वच्छ उमटली आणि धागा ओढून पाहिला तर तो ताठ राहिला. सुपारीच्या पाण्यातला तुकडा तर पावसाळी ढगासारखा राखाडी आला, तो मी कुणाला देणार नाही.

आणखी एक गोष्ट हाती लागली. कपड्यावरचा गंजाचा डाग घालवायला आमच्याकडे बिंबलाचा, म्हणजे एका आंबट फळाचा, रस लावतात, हे आठवून मी बिंबल आडवे कापले आणि त्याची फोड ताज्या गंजलेल्या कापडावर ठशासारखी दाबून ठेवली. अर्ध्या तासाने तिथे पांढुरका, पुसट पाचकोनी ठिपका राहिला. त्या जुन्या, परत आलेल्या ओढणीवर मात्र रंग नुसता फिकटला, गेला नाही. असे पांढरे ठिपके काढून नक्षी केली तर चालेल का?

निवृत्त मास्तर, मडगाव

जरूर करा. बिंबलात ऑक्झॅलिक आम्ल असते, ते लोहाला धरून विरघळवते; गंज मुरलेला असला की त्याला जास्त वेळ लागतो. विलायतेतील छपाईवाले लोहाच्या रंगात पांढरी जागा राखण्यासाठी लिंबाचा रस वापरत, तुमची युक्ती त्याच कुळातली. फक्त ठिपका उमटल्याबरोबर कापड धुऊन पुन्हा सोड्याच्या पाण्यात घाला, आणि बाजारात मिळणारी ऑक्झॅलिक आम्लाची पूड विषारी असल्याने तिच्या वाटेला जाऊ नका. झाडाला बिंबले आहेत तोवर ती पुरेत.