मुंगळ्यांची नवी वसाहत ॲक्रिलिकच्या वारुळात कधी हलवावी?

मृद्गंध (पुणे):
नमस्कार. जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसानंतर आमच्या सोसायटीच्या कुंपणभिंतीलगत पंख गाळून फिरणारी एक मोठी काळी राणी मला मिळाली. जाणकारांना छायाचित्रे दाखवल्यावर ती आपल्याकडच्या नेहमीच्या काळ्या मुंगळ्याची, म्हणजे कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस या जातीची असल्याचे समजले. टेस्ट ट्यूबच्या तळाशी पाणी, मध्ये कापसाचा घट्ट बोळा आणि उरलेल्या जागेत राणी अशी व्यवस्था करून ती नळी काळ्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवली. नारळी पौर्णिमेच्या सुमारास पहिल्या कामकरी मुंग्या दिसू लागल्या. आता दहाबारा कामकरी, अंड्यांचा एक पुंजका, लहानमोठ्या अळ्या आणि काही कोष असा संसार आहे.

तीन दालनांचे ॲक्रिलिकचे वारूळ मी आधीच मागवून ठेवले आहे. नळीतले पाणी आता जेमतेम बोटभर उरले असून कापूस काळपट पडला आहे, म्हणून वसाहत लगेच हलवावी का, हा मुख्य प्रश्न आहे. दुसरे असे की, प्रत्येक कोषाच्या एका टोकाला काळा ठिपका दिसतो. हा रोग तर नव्हे? तिसरे, अख्खा रातकिडा आत ठेवला असता मुंग्या त्याच्यापासून लांबच राहिल्या. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

रानवाटा:
मृद्गंध, आधी ठिपक्याविषयी सांगतो, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. मुंगीच्या अळीचे आतडे मागच्या टोकाकडे बंद असते, त्यामुळे अळी असेपर्यंत तिला विष्ठा टाकता येत नाही. कोष विणून झाला की साठलेला सगळा मळ ती एकदाच कोषाच्या टोकाशी टाकते आणि तोच बाहेरून काळा दिसतो. उलट ठिपका दिसणे म्हणजे आतली वाढ ठीक चालली आहे असे समजावे. कोष फुटायच्या वेळी भिंगातून अवश्य पाहा. कामकरी मुंग्या कोषाचे टोक जबड्यांनी कातरतात, आतल्या फिकट, मऊ मुंगीला पाय धरून बाहेर ओढतात आणि रिकामे टरफल दूर नेऊन टाकतात. त्या नव्या मुंगीला काळा रंग चढायला काही दिवस लागतात.

आता मुख्य मुद्दा. वारूळ कितीही देखणे असले तरी एवढ्यात हलवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या जातीची राणी निसर्गात जमिनीखाली स्वतःला एका लहानशा कोठडीत बंद करून घेते, बाहेर अन्नाला जात नाही आणि आता निरुपयोगी झालेले उडण्याचे स्नायू विरघळवून त्यांवर पहिली पिढी वाढवते. म्हणूनच ही पहिली पिढी खुजी निपजते. मोठ्या डोक्याच्या मुंग्या पुढे वसाहत वाढल्यावरच दिसतात. अशा दहाबारा खुज्या मुंग्यांना तीन दालने दिली तर त्या एका कोपऱ्यात गोळा होऊन बसतात, दुसऱ्या कोपऱ्याची कचराकुंडी करतात, आणि त्या कचऱ्याला लागलेली बुरशी निस्तरायला त्यांच्याकडे मनुष्यबळ (मुंगीबळ म्हणू या) नसते. निदान पंचवीस-तीस कामकरी होईपर्यंत नळी सोडू नये.

पाण्याची सोय सोपी आहे. तशीच दुसरी नळी पाणी भरून तयार करावी, दोन्ही नळ्यांची तोंडे एकमेकांना भिडवून चिकटपट्टी लावावी, नवी नळी काळ्या कागदात गुंडाळावी आणि जुनीवरचा कागद काढून तिच्यावर उजेड पडू द्यावा. त्या आपल्या सोयीने अंडी-अळ्या तोंडात धरून पलीकडे जातील. नळी आपटून किंवा हलवून त्यांना बाहेर पाडण्याचा उद्योग मात्र करू नये, कारण घाबरलेली राणी स्वतःचीच अंडी खाऊन टाकते.

चिमटा:
रानवाटांशी बहुतांशी सहमत आहे. कापसाच्या काळेपणाला मात्र फारसे भिऊ नये. पाणी स्वच्छ असेल, वास येत नसेल आणि मुंग्या कापसापाशी निवांत बसत असतील, तर त्या बुरशीने सहसा काही बिघडत नाही. पाणी पिवळे किंवा गढूळ झाले, तर मात्र लगेच वर सांगितल्याप्रमाणे नळी जोडावी.

खाण्याचे म्हणाल, तर अख्खा रातकिडा या वयाच्या वसाहतीला फार मोठा आहे, आणि तो जिवंत असेल तर धोक्याचाही आहे. किडा उकळत्या पाण्यात बुडवून मारावा, मऊ पोटाचा मुगाएवढा तुकडा कापून घडी केलेल्या कागदावर ठेवून आत सरकवावा आणि दुसऱ्या दिवशी उरलेला भाग न चुकता काढून टाकावा. पावसाळ्यात दिव्यावर येणारे वाळवीचे पंखवाले किडे पंख काढून फ्रीजरमध्ये साठवून ठेवता येतात. मुंगळे त्यांवर तुटून पडतात. बागेतले किडे औषध मारलेल्या झाडावरचे असण्याची शक्यता असते, म्हणून ते मी टाळतो. गोडासाठी साखरेचे किंवा मधाचे पातळ पाणी कापसाच्या बारीक बोळ्यावर द्यावे. उघडा थेंब ठेवल्यास लहान कामकरी त्यात अडकतात. या वंशाच्या मुंग्यांच्या आतड्यालगतच्या पेशींत ब्लॉकमॅनिया नावाचे जिवाणू राहतात आणि ते त्यांना आवश्यक अमिनो आम्ले पुरवतात, त्यामुळे किडा एखाद्या आठवड्यात नाकारला तरी लगेच चिंता करू नये.

मुंगी जेवली की नाही हे पोटावरून कळते. भरल्या पोटी काळ्या पट्ट्या एकमेकींपासून दूर सरकतात आणि मधली फिकट त्वचा दिसू लागते. तशी एक जरी मुंगी दिसली तरी तिने आणलेले द्रव अन्न तोंडातोंडी सगळ्यांपर्यंत पोहोचते, राणीपर्यंतही.

वारुळाच्या साहित्याबाबत माझे मत जरा वेगळे आहे. ॲक्रिलिक ओल शोषत नाही, एक तर कोरडे ठणठणीत राहते किंवा आतून घाम धरते. त्यापेक्षा बांधकामावर मिळणारा सिपोरेक्सचा (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटेचा) तुकडा कोरून, वर काच बसवून केलेले वारूळ मला पटते, कारण एका टोकाला पाणी दिले की ओल हळूहळू पसरते आणि कुठे बसायचे हे मुंग्याच ठरवतात.

रानवाटा:
चिमटा, सिपोरेक्सचे गुण मान्य आहेत, पण मुंगळ्यांचे जबडे दणकट असतात आणि मोठी वसाहत मऊ साहित्य कुरतडते. शिवाय हा मुंगळा तुलनेने कोरडेपणा सोसणारा आहे. ॲक्रिलिकच्या एका दालनात पाण्याची नळी जोडलेली असेल, तर मृद्गंध यांनी पैसे वाया गेले असे मानू नये. पुढे त्यात हलवताना तळाशी बारीक धुतलेली वाळू अवश्य भुरभुरावी. कोष विणायला निघालेल्या अळीला कामकरी मुंग्या वाळूच्या कणांनी झाकतात, म्हणजे तिला धागा अडकवायला आधार मिळतो.

मृद्गंध:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. नळी जोडली आहे आणि चार मुंग्या पलीकडे फिरून आल्या. आणखी दोन शंका आहेत. पुढे खाण्यासाठी उघडी पेटी जोडल्यावर मुंगळे काठावरून बाहेर येऊ नयेत म्हणून कॅरमची पावडर लावावी, असे कोणीतरी सुचवले. तसेच स्वयंपाकघरातल्या बारीक मुंग्या नळीपर्यंत येऊ लागल्या आहेत, तर आसपास मुंग्यांचा खडू ओढला तर चालेल का?

चिमटा:
दोन्ही नको. कॅरमच्या पावडरीत बऱ्याचदा बोरिक ॲसिड असते आणि ते मुंग्यांना मारण्याच्या आमिषातही घालतात. साधी टाल्कम पावडर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कालवून पेटीच्या वरच्या काठाला आतून दोन बोटे रुंद पट्टा द्यावा आणि अल्कोहोल पूर्ण उडून गेल्यावरच पेटी जोडावी. दमट हवेत हा पट्टा लवकर निकामी होतो, त्यामुळे पावसाळ्यात तो पुनःपुन्हा द्यावा लागतो.

खडूत कीटकनाशक असते आणि त्याला घरची मुंगी व पाळलेली मुंगी यांतला फरक कळत नाही. डासांचे लिक्विड मशीनही त्या खोलीत लावू नये. बारीक मुंग्यांसाठी आपला जुना उपाय करावा: पाण्याच्या परातीत वाटी पालथी घालून तिच्यावर नळी ठेवावी, पाण्यात साबणाचा एक थेंब टाकावा आणि नळीचा किंवा कागदाचा कोणताही भाग परातीच्या काठाला टेकत नाही ना, हे रोज पाहावे. या बारीक मुंग्या एकदा आत शिरल्या तर रात्रीतून अळ्या पळवतात, म्हणून हे आजच करा.