मदत हवी आहे : 1978 ची येझदी, गाडी खानापूरला, पासिंग कोल्हापूरचं. काय काय बघून घेऊ?

नमस्कार मंडळी,

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावात येझदी 250 मोटारसायकल बघून ठेवली आहे. विकणारे मेव्हण्याच्या ओळखीचे. गाडी त्यांच्या काकांची, काका आता नाहीत. पासिंग कोल्हापूरचं, तेही एमएच यायच्या आधीच्या नंबराचं. बरीच वर्षं इकडेच पडवीत उभी आहे. पंचाहत्तर हजार सांगतात, "तुम्ही घरचे म्हणून". घरचे म्हणून नेमके किती कमी केले ते कळलं नाही.

मी बेळगावात शहापूरला असतो. गाडी रोजच्या वापराला नकोय, रविवारी जांबोटीपर्यंत जाऊन यायची हौस, एवढंच.

बघितलं ते असं. टाकी मरून आणि क्रोम, वर जावाचा बिल्ला. आरसी बुकात मात्र येझदी. "ही जावाच, म्हणून किंमत" असं त्यांचं म्हणणं. आम्ही पोचलो तेव्हा सायलेन्सर कोमट होते, म्हणजे आधीच चालू करून ठेवलेली. परत चालू केली तर धूर इतका, की शेजारच्या गोठ्यातली म्हैस दावं ओढायला लागली. इंजिन नंबर बुकाशी जुळतो. चासी नंबर रंगाखाली गेलाय, वाचता येत नाही.

धूर एवढा असतो का? चासी नंबराचं काय करू? आणि नंबर बेळगावचा केए 22 करून घ्यावा की आहे तसाच ठेवावा? मेव्हणा म्हणतो विसार देऊन टाक, गिऱ्हाईक दुसरं पण आहे.

लेथवाला, उद्यमबाग

दुसरं गिऱ्हाईक प्रत्येक जुन्या गाडीला असतंय. विसार देऊ नका.

टू स्ट्रोक आहे, पेट्रोलमध्ये ऑइल घालूनच चालते, त्यामुळे थोडा धूर येणारच. उभ्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये जुनं ऑइल साठलेलं असतं, तेही सुरुवातीला जळतं. चांगली तापेपर्यंत चालवा. तरी धूर तसाच दाट राहिला आणि गिअर ऑइल जळल्याचा वास आला, तर क्रँकचं ऑइल सील गेलंय. इंजिन गिअरबॉक्समधलं ऑइल ओढून जाळतंय. गाडी उभी राहिली की रबर कडक होतं, हे येझदीत नेहमीचं. सील स्वस्त मिळतं. पण ते घालायला इंजिन पूर्ण उघडावं लागतं, आणि उघडलं की क्रँक बेअरिंग, कनेक्टिंग रॉड, बोअर, सगळ्यांची वरात निघते. काम करणारे आपल्या उद्यमबागेत आहेत, ती काळजी नको. बोअर झिजला की तो मोठा करून मोठा पिस्टन, म्हणजे ओव्हरसाइज, घालतात. विचारायचं हे की पिस्टन आता कितव्या ओव्हरसाइजचा आहे. शेवटचा बसवून झाला असेल तर पुढच्या वेळी सिलिंडरमध्ये नवी नळी, स्लीव्हच, मारावी लागेल.

परत जाल तेव्हा सांगून ठेवा, आम्ही येईपर्यंत किक मारायची नाही. थंड इंजिन खरं बोलतं. यात किकचा दांडा तोच गिअरचा दांडा. किक मारताना मध्येच सटकतो का, मारून झाल्यावर परत जागेवर येतो का, ते बघा. चालवताना क्लच न दाबता नुसत्या पायाने गिअर बदलून बघा. येझदीत दांडाच क्लच सोडवतो. बदलताना झटका बसला किंवा गिअर अडकला तर ती सेटिंग बिघडलीय किंवा क्लचच्या प्लेटा संपल्यात.

मेन स्टँडवर लावून मागचं चाक आडवं हलवा. खेळ असला तर बेअरिंग नाहीतर स्विंगआर्मचे, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांचे, बुश गेलेत. टाकीचं झाकण काढून आत हातातल्या बॅटरीचा उजेड मारा. खानापूरच्या पावसात राहिलेली टाकी बाहेरून कितीही चमकू दे, आत गंज असू शकतो.

टाकीवाला

बिल्ल्यावर जाऊ नका. मैसूरच्या आयडियल जावा कंपनीने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच जावा नाव सोडून येझदी नाव घेतलं. 1978 ची गाडी येझदीच. जावाला किंमत जास्त येते म्हणून येझदीवर जावाचा साज चढवून विकतात. येझदीचा भाव द्या, क्रोमचा देऊ नका.

चासी नंबर हँडलखालच्या नळीवर असतो. थिनर लावून कापडाने रंग उतरवा, पॉलिश पेपर मारू नका. आकडे वेडेवाकडे किंवा ग्राइंडरच्या खुणा दिसल्या तर चहा पिऊन परत या.

कित्तूर रोड

एवढी जुनी आहे तर विंटेज नंबर घ्या की, कटकट नाही.

जुना कारकून, निपाणी

अजून बसत नाही. 2021 च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली गाडीच विंटेज. नोंदणीला 20,000 रुपये, आणि ती रोज फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती यांपुरतीच. जांबोटीची भजी त्यात येत नाहीत.

आता कागद. सीमेवर कोल्हापूरचा एमएच 09 घेऊन जन्म काढलेले आहेत, पण कायदा 12 महिन्यांच्या वर परराज्याचा नंबर ठेवू देत नाही. तुमचं आधी सगळं कोल्हापुरात आहे. जुनं बुक ऑनलाइन दिसत नसेल तर बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवून घेणं. आरसी 15 वर्षांची, पुढे दर 5 वर्षांनी नूतनीकरण. ते राहिलं असेल तर उशिराचा दंड. मालक वारले म्हणून फॉर्म 31 ने वारसाच्या नावावर. मग फॉर्म 28 ची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला. ती घेऊन बेळगाव आरटीओत नव्या नंबरासाठी फॉर्म 27, कर्नाटकाचा कर, तुमचं नाव, मग केए 22. जुन्या कर्जाची नोंद बुकात असेल तर ते फिटल्याचा बँकेचा फॉर्म 35 पण लागेल, बँक आता कुठल्याही नावाने असो.

हे सगळं विकणाऱ्याने एनओसीपर्यंत करून द्यायचं, पैसे त्यानंतर. "तुम्हीच करून घ्या, पाच हजार कमी देतो" म्हणाला तर कमी किमान वीस करायला लावा.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. विसार थांबवला, मेव्हणा फुगलाय. रविवारी थिनर आणि बॅटरी घेऊन जातो.

जुना कारकून, निपाणी

एक राहिलं. पुतण्या विकतोय, पण काकांना बायको-मुलं असली तर वारस ती. मुलींच्या संमतीच्या सह्याही लागतील. थिनरच्या आधी ते विचारा.

धागाकर्ता

आत्ता फोन केला. काकांना दोन मुली, एक चंदगडला दिलेली, एक गडहिंग्लजला. गाडी विकायला काढलीय हे दोघींना माहीत नाही.