मदत हवी आहे: बिग ईस्टमधल्या कोचची क्रमवारी कशी लावावी?

नमस्कार मंडळी,

आमच्या कनेक्टिकटमधल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी बिग ईस्टमधल्या (अमेरिकन कॉलेजांच्या एका गटातल्या, म्हणजे कॉन्फरन्समधल्या) पुरुष बास्केटबॉल संघांच्या मुख्य कोचवर लेख लिहितोय. २०२४-२५ च्या सीझनपर्यंतची कामगिरी धरून क्रमवारी द्यायची आहे. व्हिलानोव्हा आणि झेवियरचे कोच २०२५ मध्ये नवीन आले, म्हणून ते दोघे वगळले. उरले नऊ.

बिग ईस्टचं एक बरं आहे. ११ संघ, प्रत्येकाशी घरी एक आणि बाहेर एक सामना, म्हणजे सगळ्यांचे २० सामने सारखेच. अमक्याला सोपं वेळापत्रक मिळालं ही तक्रार इथे चालत नाही. तरीही अडलोय.

पहिला नंबर मी यूकॉनच्या (कनेक्टिकट विद्यापीठाच्या) डॅन हर्लीला दिलाय. २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं, आणि त्या दोन्ही स्पर्धांतले बाराही सामने दहा किंवा जास्त गुणांनी जिंकलेले. २०२४ ला इलिनॉयविरुद्ध २३-२३ बरोबरी होती, तिथून यूकॉननं सलग ३० गुण केले आणि समोरच्याला एकही करू दिला नाही. पण मित्रमंडळी रिक पिटिनोसाठी अडून बसली आहेत. सेंट जॉन्सला तो २०२३ मध्ये आला, पहिल्या वर्षी एनसीएए स्पर्धेत (कॉलेज-खेळ चालवणाऱ्या संस्थेची राष्ट्रीय विजेतेपदाची स्पर्धा) जागाही मिळाली नाही, आणि दुसऱ्याच वर्षी ३१-५, म्हणजे ३१ विजय आणि पाचच पराभव! कुणाशी विभागून न घेता कॉन्फरन्समध्ये पहिला नंबर, तोही १९८५ नंतर प्रथमच. मग एनसीएए स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत अर्कान्साकडून हार. त्या सामन्यात कॉन्फरन्सचा सर्वोत्तम खेळाडू आर. जे. लुईस याला पिटिनोनं शेवटची जवळपास पाच मिनिटं बाकावर बसवून ठेवलं. लुईसचे १७ पैकी तीनच नेम लागले होते हे खरं, पण मला तो निर्णय अजून पटत नाही.

शिवाय पिटिनोची जुनी पुण्याई किती धरायची? केंटकीचं १९९६ चं विजेतेपद आहे, लुईव्हिलचं २०१३ चं एनसीएएनं काढून घेतलं. माझ्या मते बिग ईस्टच्या क्रमवारीत दुसरीकडची कमाई धरू नये.

तिसरा-चौथा नंबर क्रेटनचा मॅक्डर्मट आणि मार्क्वेटचा शाका स्मार्ट यांच्यात. इथे फार वाद नाही. कूलीनं जॉर्जटाउनला २० पैकी दोन विजयांवरून आठपर्यंत आणलं, तो मधे कुठेतरी.

खरी अडचण सीटन हॉलच्या शाहीन हॉलोवेची. २०२२ मध्ये त्यानं सेंट पीटर्ससारखं छोटं कॉलेज, एनसीएए स्पर्धेत १६ पैकी १५ वं मानांकन असताना, केंटकी आणि पर्ड्यूला हरवून शेवटच्या आठांत नेलं. असं आधी कुणाला जमलं नव्हतं. २०२४ मध्ये सीटन हॉलनं कॉन्फरन्समध्ये १३-७ अशी कामगिरी केली, तरी एनसीएएनं डावललं, तेव्हा त्यांनी एनआयटी (एनसीएए स्पर्धेत जागा न मिळालेल्या संघांची स्पर्धा) जिंकून दाखवली. आणि पुढच्या वर्षी ७-२५. पण मधल्या काळात त्याचा मुख्य खेळाडू काडारी रिचमंड गेला कुठे? सेंट जॉन्सला, पिटिनोकडे! खेळाडू दरवर्षी कॉलेज बदलू शकतात, त्यांना उघडपणे पैसे मिळतात, मग ज्याच्या कॉलेजची तिजोरी लहान त्या कोचला तळाशी टाकणं मला अन्यायाचं वाटतं. दुसरीकडे, सात विजयांच्या कोचला वर ठेवलं तर वाचक विचारणारच.

जाणकारांनी कृपया सांगावं:

दुसऱ्या कॉलेजातलं यश धरायचं की नाही?

हाताशी असलेल्या पैशाच्या मानानं कोचला जोखायची काही रीत आहे का? २०२४-२५ पर्यंत स्मार्ट दुसऱ्या कॉलेजांतून येणारे खेळाडू जवळपास घेतच नव्हता, त्याचे जास्तीचे गुण द्यावेत का?

आणि हॉलोवेला तुम्ही नवांत कितवा ठेवाल? मी सध्या पाचवा ठेवलाय. पटत नसेल तर कारणासकट लिहा, लेखात तुमचा मुद्दा घेईन.