लाकडाच्या शेगडीवरचा उष्णतेवर फिरणारा पंखा: पावसाळ्यातील ओल घालवण्यासाठी घ्यावा का?

सत्तरीकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. गोव्यात, चोर्ला घाटाच्या पायथ्याशी, केरी येथे आमचे मातीच्या भिंतींचे जुने घर आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतींना ओल येते, पुस्तकांवर बुरशी धरते आणि वडिलांचा दमा बळावतो. म्हणून गेल्या वर्षी माजघरात धुराडे असलेली बंद लोखंडी शेगडी बसवून घेतली. शेगडीपाशी उकडते, परंतु चार हातांवरच्या भिंतीला ऊब पोहोचत नाही, आणि जोराचा पाऊस लागला की वीज जात असल्यामुळे विजेच्या पंख्यावर विसंबून राहता येत नाही. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मेहुण्यांनी शेगडीवर ठेवायचा, केवळ उष्णतेवर फिरणारा पंखा सुचवला आहे. तो आमच्या उपयोगी पडेल का? दोन पात्यांचा घ्यावा की पाच? आणि त्याने धूर कमी होतो का?

अंत्रुजवासी

शेवटच्या प्रश्नापासून आरंभ करतो, कारण गैरसमज तेथेच अधिक आहे. धुराशी या पंख्याचा काहीही संबंध नाही. खोलीत धूर येत असेल तर दोष धुराड्यात किंवा ओल्या सरपणात शोधावा. पंखा नवी उष्णताही निर्माण करत नाही. शेगडीच्या माथ्यावरून सरळ छताकडे जाणारी गरम हवा तो आडवी ढकलतो, एवढेच त्याचे काम.

त्याची रचना समजली की निवड सोपी होते. दोन भिन्न धातूंच्या सांध्यांमध्ये तापमानाचा फरक राहिला की विद्युत परिणाम दिसतो, हे सीबेक या शास्त्रज्ञाने १८२१ मध्ये दाखवले. पंख्यात त्याच तत्त्वावर चालणारी, बिस्मथ टेल्युराइड या अर्धवाहक पदार्थाची एक चपटी चकती असते. खालचा पाया शेगडीवर तापतो, वरचे ॲल्युमिनियमचे पंख (फिरणारी पाती नव्हेत, उष्णता हवेत सोडणाऱ्या स्थिर पट्ट्या) हवेने थंड राहतात, आणि या फरकातून मिळणाऱ्या अल्पशा विजेवर छोटी मोटर फिरते. म्हणजे पाया नुसता तापून भागत नाही, माथाही थंड राहावा लागतो.

म्हणूनच पंखा धुराड्याला चिकटवून ठेवू नये, कारण नळीच्या झळीने वरचे पंख तापतात आणि वेग मंदावतो. शेगडीच्या माथ्यावर मागच्या किंवा बाजूच्या कडेला, पाठीमागून थंड हवा घेता येईल असा ठेवावा. पात्यांच्या संख्येला मी फारसे महत्त्व देणार नाही, वरच्या पंखांचा विस्तार आणि पायाची सपाटी पाहून घ्यावी. बहुतेक पंखे पाया ५० ते ६० अंश सेल्सिअसला पोहोचला की फिरू लागतात. काही शेगड्यांना दुहेरी पत्रा असतो आणि त्यांचा माथा पुरेसा तापतच नाही, म्हणून खरेदीपूर्वी माथ्याचे तापमान मोजून घ्यावे.

माजघर

वरील उत्तरात उच्च मर्यादेचा उल्लेख राहिला आहे, आणि मला तोच धडा महाग पडला. पाया सुमारे ३५० अंशांच्या पुढे गेल्यास चकतीतील जोड निकामी होऊ शकतात. मी एके संध्याकाळी करवंट्या भरभरून घातल्या. त्या लाकडापेक्षा फार प्रखर जळतात. पंखा आधी भरधाव फिरला आणि मग कायमचा थांबला. चांगल्या पंख्यांच्या पायाखाली दोन धातूंची पट्टी असते, ती तापली की वाकून पाया किंचित उचलते. अशी पट्टी असलेलाच पंखा घ्यावा, आणि शेगडीवर चुंबकाने चिकटणारा तापमापक ठेवावा. पंखा उचलताना वरच्या कडीलाच धरावे, तापलेल्या पंख्यावर पाणी कधीही टाकू नये.

सत्तरीकर

आभारी आहे. करवंट्या आम्हीही वापरतो, आता हात आवरून वापरू. मात्र बाहेरची हवाच दमट असताना ओल खरोखर कमी होईल का, ही शंका उरते.

अंत्रुजवासी

होईल, आणि हिशेब करून सांगतो. २४ अंशांची पूर्ण दमट हवा ३० अंशांपर्यंत तापवली तर तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७० टक्क्यांवर येते. पाणी तेवढेच राहते, परंतु हवेची आणखी पाणी शोषण्याची ताकद वाढते, आणि तीच हवा पंखा ओल्या भिंतीपर्यंत नेतो. भिंतीतून निघालेले पाणी घराबाहेर जाण्यासाठी मात्र एखादी खिडकी थोडी उघडी हवीच. शेगडीला जळण्यासाठीही हवा लागते, आणि बंद खोलीत विषारी कार्बन मोनॉक्साइड साचण्याचा धोका असतो. वडिलांना दमा आहे, तेव्हा त्या वायूची सूचना देणारे यंत्र पंख्याच्या आधी घ्यावे.

सरपणाचे तर सर्वाधिक मनावर घ्या. पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचे, सामान भरतो तसे लाकूडही मे महिन्यातच फोडून, पावसाचा शिंतोडा न लागेल अशा खोपीत रचून ठेवावे. त्यातील ओलावा २० टक्क्यांहून कमी हवा. ओले लाकूड घातले तर त्यातले पाणी उकळण्यातच उष्णता खर्ची पडते, माथा तापत नाही, आणि कितीही महागडा पंखा आणला तरी तो जागेवरच उभा राहतो.