भारत-बांगलादेश: बालमजुरी आणि शाळेतली हजेरी यांची तुलना कशी करावी?

प्रश्न
प्रबंधासाठी ही तुलना करतेय. भारत: 2011 च्या जनगणनेप्रमाणे 1 कोटी 1 लाख काम करणारी मुलं. बांगलादेश: 2022 च्या सर्वेक्षणात 17.8 लाख बालमजूर. शाळेसाठी पटसंख्या घेतली, तर दोन्हीकडे जवळपास सगळीच मुलं शाळेत दिसतात. मग कामावर इतकी मुलं येतात कुठून? चूक आकड्यांत आहे की माझ्या पद्धतीत?

उत्तर 1
आकडे खरे आहेत, पण ते एका ओळीत बसत नाहीत. आपला आकडा 5 ते 14 वयाचा, त्यांचा 5 ते 17 चा. शिवाय बांगलादेशात काम करणारी मुलं होती 35.4 लाख, त्यातून कायद्याने चालणारी कामं वगळल्यावर 17.8 लाख उरली. जनगणना अशी वजाबाकी करत नाही. म्हणून 35.4 लाखांपासून सुरुवात करा, वयोगटाचे तक्ते पाहून 14 च्या वरची मुलं वगळा आणि मग टक्केवारी मांडा. मधल्या 11 वर्षांचं अंतर तक्त्याच्या शीर्षकातच लिहा.

भारतासाठी 43.5 लाख हाही आकडा सापडेल. तो वापरू नका. ती फक्त 'मुख्य' कामगार मुलं, म्हणजे वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलेली. मुलांचं काम बहुतेक हंगामी असतं, त्यामुळे निम्म्याहून जास्त मुलं 'सीमांतिक' (सहा महिन्यांपेक्षा कमी काम केलेल्या) गटात जातात आणि या आकड्यातून गळतात.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची तासांची चाळणी, म्हणजे किती तासांपासून काम बालमजुरी धरायचं ती मर्यादा (आठवड्याला 5-11 वयात 1 तास, 12-14 ला 14, 15-17 ला 43), इथे चालणार नाही. जनगणना तास विचारतच नाही.

उत्तर 2
पटसंख्येचा मुद्दा राहिला. पटावर नाव असणं आणि मूल वर्गात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे यू-डायसची (शाळांची माहिती गोळा करणाऱ्या सरकारी नोंदणीची) संदर्भ तारीख वर्षानुवर्षं 30 सप्टेंबर राहिली. बीडकडची ऊसतोड कुटुंबं गाव सोडतात दसरा-दिवाळीच्या सुमारास. म्हणजे मोजणी होते तेव्हा पोर वर्गात असते, आणि नंतर चार-पाच महिने फडात. आईबाप कोयत्यावर, तेरा वर्षांची मुलगी वाढ्यांच्या (उसाच्या शेंड्यांच्या) पेंढ्या बांधते, कोपीवर (झोपडीवर) धाकट्याला सांभाळते, पाणी भरते. पट शंभर टक्के!

त्यातही पेंढ्या बांधणं निदान काम म्हणून नोंदलं जाऊ शकतं. भावंडं सांभाळणं आणि पाणी भरणं जनगणनेत घरकाम ठरतं. दोन्ही देशांत मुलींचा आकडा कमी दिसण्याचं हे मोठं कारण आहे. तुमच्या प्रबंधात यावर स्वतंत्र परिच्छेद हवाच.

हजेरीसाठी कुटुंब-सर्वेक्षण घ्या, पण प्रश्नाचे शब्द तपासा. 'या शैक्षणिक वर्षात कधी शाळेत गेला का' या प्रश्नाला वरच्या मुलीचंही उत्तर 'हो' येतं. बांगलादेशात वर्ष जानेवारी ते डिसेंबर असतं, तेव्हा सर्वेक्षण कोणत्या महिन्यात झालं तेही नोंदवा. आणि 'शाळा' व 'काम' असे दोनच रकाने करू नका. चार लागतात: फक्त शाळा, फक्त काम, दोन्ही, दोन्ही नाही.

प्रश्नकर्ती
चार रकाने पटले. कायद्याची तुलना कुठून सुरू करू?

उत्तर 3
सक्तीचं शिक्षण संपण्याचं वय आणि कामाचं किमान वय शेजारी ठेवा. बांगलादेशात 1990 च्या कायद्याने फक्त पाचवीपर्यंतचं शिक्षण सक्तीचं केलं, म्हणजे साधारण दहाव्या वर्षापर्यंत. 2006 च्या श्रम कायद्यात किमान वय 14; हलक्या कामाला आधी 12 होतं, पण 2018 च्या दुरुस्तीत ती सूट गेली. मधल्या वर्षांत मुलाला शाळेत ठेवणारा कायदा नाही आणि कामही कायदेशीर नाही. घरकामगार तर 2006 च्या मूळ कायद्याबाहेरच होते. भारतात शिक्षणहक्क 14 पर्यंत आणि 2016 च्या दुरुस्तीनंतर कामबंदीही 14 पर्यंत, वयं जुळतात. पण शाळेच्या वेळेनंतर घरच्या धंद्यात मदत करायला सूट आहे, आणि ती वेळ तपासणार कोण? चौदानंतर बंदी उरते फक्त धोकादायक कामांना.

बांगलादेशातल्या कपडा कारखान्यांचा अनुभव जरूर घ्या. 1992 मध्ये अमेरिकेत बालश्रमाच्या मालावर बंदीचं विधेयक आलं आणि कारखान्यांनी धास्तीने हजारो मुलं काढून टाकली. शाळेची सोय आधी झालेली नव्हती. बरीच मुलं आणखी वाईट कामांत गेली. काढलेल्या मुलांना शाळा आणि विद्यावेतन देण्याचा करार झाला तो जुलै 1995 मध्ये.