बारावीनंतर थेट पर्यावरणशास्त्र घ्यावं का?

सह्यकडा
भाची बारावी झाली. तिला पर्यावरणशास्त्रातच बीएस्सी करायचंय. माझं मत स्पष्ट आहे: पदवी रसायन, वनस्पती, प्राणी किंवा भूशास्त्रात करावी आणि पर्यावरणशास्त्र एमएस्सीला घ्यावं. पदवीला थोडी माती, थोडं पाणी, थोडी हवा, थोडे कायदे शिकून मुलं बाहेर पडतात आणि कशातच पक्की नसतात. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आधी प्राणिशास्त्र शिकले, मग हार्वर्डला गणिताच्या अंगानं परिसरशास्त्रात उतरले.

शिवाय भारतीय वनसेवेच्या परीक्षेला पदवीत ठरावीक विषयांपैकी एक लागतो: वनस्पतीशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भूशास्त्र, गणित, संख्याशास्त्र वगैरे. नाहीतर कृषी, वानिकी किंवा अभियांत्रिकीची पदवी. यादीत पर्यावरणशास्त्र नाही! जंगलासाठी काम करायचंय त्या मुलीनं हे दार आत्ताच का लावून घ्यावं?

वाशिष्ठी
दादा, अजिबात पटलं नाही. यादीतला एक विषय जोडीला घेतला की वनसेवेचा प्रश्न मिटतो.

मी थेट हाच विषय घेतला, आज प्रकल्पांचे पर्यावरणीय आघात मूल्यांकनाचे, म्हणजे प्रकल्पामुळे पर्यावरणावर काय परिणाम होईल याचे, अहवाल तपासते. कोकणातले सडे, म्हणजे सपाट कातळी पठारं घ्या. अहवालात सडा सर्रास ‘पडीक’ म्हणून येतो. या मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेखालच्या बऱ्याच प्रकल्पांना एकाच ऋतूची पाहणी पुरते, आणि तीही पावसाळा सोडून. मार्चमध्ये सड्यावर गेलं तर तापलेला कातळच दिसणार. गेंद, सीतेची आसवं ही पावसाळी रानफुलं तेव्हा नसतातच. त्याच कातळातून झिरपून खालच्या वाडीची विहीर भरते, तेही सुटतं. कितीही हुशार वनस्पतीतज्ज्ञ मार्चमध्ये नेला तरी काय पाहणार? नियम, ऋतू, जमीन आणि गाव एकत्र वाचायची सवय मला पहिल्या वर्षापासून लागली.

आणि त्याच माधव गाडगीळांच्या समितीचा पश्चिम घाटावरचा २०११ चा अहवाल आठवा. घाटाच्या नकाशाचे चौकोन पाडून उंची, उतार, झाडोरा अशा कित्येक गोष्टींवर गुण दिले होते. एका विषयाचं काम नव्हे ते.

कऱ्हाकाठ
मी सांडपाण्याच्या प्रयोगशाळेत आहे, सह्यकडांच्या बाजूनं. नव्या मुलांना सीओडी म्हणजे काय (पाण्यातली घाण रसायनानं मोडायला लागणारा ऑक्सिजन) ते पाठ असतं. पण नमुन्यात क्लोराइड जास्त असेल तर सीओडी खोटाच वाढून येतो, म्हणून मर्क्युरिक सल्फेट घालायचं, हे का ते सांगता येत नाही. बीओडीसाठी, म्हणजे जिवाणूंना ती घाण कुजवायला किती ऑक्सिजन लागतो ते मोजायला, नमुना २७ अंशांवर तीन दिवस ठेवतात, आकडा लिहितात. बाटलीत जिवाणू काय करताहेत याचं कुतूहल नाही. या आकड्यांवर कारखान्याला नोटीस जाते. आकडा चुकला की नदीची बाजू घेणारा माणूसच खोटा ठरतो. मला हे फार लागतं.

शाईदौत
कऱ्हाकाठ, हा विषयाचा दोष की शिकवण्याचा? सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये एम. सी. मेहता खटल्यात पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. पुढे पदवीच्या सगळ्या शाखांना तो पेपर आला आणि त्याचं काय झालं? एकमेकांचे प्रकल्प उतरवून काढायचे, पास व्हायचं. म्हणून लोकांना वाटतं की हा विषयच सोपा. मी कॉलेजात शिकवतो, आणि पर्यावरणशास्त्राचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम त्या पेपरच्या मापानं मोजलेला पाहून चिडतो.

सह्यकडा
वाशिष्ठीताई, सड्याचा मुद्दा खरा आहे. पण गेंदाच्या जाती इतक्या सारख्या दिसतात की फूल उघडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागतं. जुलैत गेलात आणि सगळ्याला ‘गेंद’ लिहून आलात, तर दुर्मीळ जात वाचणार कशी?

वाशिष्ठी
त्यासाठी वनस्पतीतज्ज्ञ असतात. असे अहवाल करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेला हवा, पाणी, जैवविविधता, समाज-अर्थ यांचे वेगळे तज्ज्ञ लागतात आणि वर एक समन्वयक. तज्ज्ञ कोण, कधी, कुठे न्यायचा हे समन्वयकानं ठरवायचं असतं. ही माणसं आपल्याकडे फार कमी आहेत. भाचीला तिकडे जायचं असेल तर अडवू नका.

सह्यकडा
अडवत नाही. पण समन्वयकाला तज्ज्ञाची चूक कळली पाहिजे, त्यासाठी निदान एक विषय खोल हवा. माझं मत कायम.

शाईदौत
प्रवेशाआधी त्या विभागात जाऊन या. रसायनाची प्रात्यक्षिकं आठवड्याला किती तास, जीआयएस (संगणकावर नकाशे आणि माहिती जोडायची प्रणाली) मुलं स्वतः हाताळतात का, क्षेत्रभेटी पावसाळ्यात होतात का, हे तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. माहितीपत्रकात यातलं काही नसतं.